‘आवडले नाही’ म्हणजे अभिप्राय नव्हे

संकेतस्थळाचा कच्चा मसुदा समोर आला, की ‘मला आवडले’ किंवा ‘मला आवडले नाही’ एवढे सांगितले म्हणजे अभिप्राय देण्याचे कर्तव्य पार पडले, ही समजूत बुलढाणा-खामगावकडील पतसंस्था, शाळा आणि दुकानदार यांच्या बैठकांतून इतक्या निःशंकपणे व्यक्त होते, की तिचे निराकरण एकदा सविस्तर करणे प्राप्त आहे.

आवड ही ज्याची त्याची खाजगी बाब होय, आणि संकेतस्थळ ज्याच्यासाठी घडवावयाचे तो मनुष्य तर त्या बैठकीला हजरच नसतो. समजा, लोणारचे सरोवर पाहावयास येणाऱ्या प्रवाशांसाठी संकेतस्थळ करावयाचे आहे आणि मसुद्याच्या पहिल्याच पानावर सरोवराचे गुलाबी पाणी दाखविणारे भव्य छायाचित्र आहे. एक सदस्य म्हणतात, “रंग भडक वाटतो, निळा करा.” दुसरे म्हणतात, “हा रंग जून २०२० मधला. पाण्याची क्षारता वाढून हॅलोआर्किया नावाचे क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजल्यामुळे तो आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निष्पन्न झाले. तो कायमचा नव्हे. हे चित्र पाहून आलेला प्रवासी काठावर उभा राहून आपली फसवणूक झाली असे म्हणेल. चित्राखाली काळ द्यावा की चित्रच बदलावे, ते तुम्ही पाहा.” पहिल्या गृहस्थांनी हुकूम सोडला, दुसऱ्यांनी दोष कोठे आहे, तो कोणाला बाधेल आणि का बाधेल, एवढे सांगून उपायाची तजवीज ज्याचे ते काम आहे त्याच्याकडे सोपविली. अभिप्राय तो हाच, आणि वारंवार सांगूनही हे कोणी मनावर घेत नाही याचा खेद होतो.

‘लोगो मोठा करा’ हे फर्मान याच जातीचे. का, असे विचारावे तर उत्तर येते, संस्थेचे नाव डोळ्यांत भरत नाही. पुष्कळदा त्याचे कारण आकार नसून उजळ चित्रावर बसविलेली फिकट अक्षरे हे असते; साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे वेब-सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. तेथे लोगो दुप्पट केल्याने अडचण रतिभरही दूर होत नाही.

‘अजून कच्चे आहे, पुरे झाल्यावर बोलू’ हा विनयही महागात पडतो, कारण पानांचा क्रम आणि मजकुराची मांडणी आरंभीच हलविता येते. छटांचा कज्जा मागाहून चालेल. मराठी संकेतस्थळाच्या मसुद्यात जागा भरण्यापुरता लॅटिन मजकूर घातला असेल, तर त्यावर मात्र तत्काळ हरकत घ्यावी, कारण त्या अक्षरांना साजलेल्या ओळींच्या अंतरात आपल्या वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील वेलांटीला जाऊन भिडतो, आणि अक्षरांत मोकळीक वाढविली तर शिरोरेषा जागोजाग तुटते. हे खरा मराठी मजकूर घातल्याखेरीज कोणाच्याही लक्षात येत नाही.

‘छान आहे’ म्हटल्याने काम करणाऱ्याचा उत्साह टिकतो, हे अर्धसत्य. काय छान आहे ते सांगितले नाही, तर पुढच्या फेरीत तेच नेमके बदलले जाते. बैठकांत ऐकू येणाऱ्या आणखी काही समजुतीही तपासून घ्याव्यात. ‘पहिल्या पडद्याखाली (म्हणजे पान न सरकविता जेवढे दिसते त्याखाली) कोणी जातच नाही’ ही समजूत जुनी झाली: वेब-वापराचा अभ्यास करणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुपच्या २०१८ मधील पाहणीत पाहण्याचा ५७ टक्के वेळ पहिल्या पडद्यावर गेला, म्हणजे उरलेला त्याखाली. ‘तीन क्लिकांत सारे सापडले पाहिजे’ या नियमाला वेब-अभ्यासक जोशुआ पोर्टर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत आधार मिळाला नाही. आणि ‘शेकडो लोकांचे मत घ्या’ असे म्हणणाऱ्यांनी याकोब नील्सन यांचे २००० मधील प्रतिपादन ध्यानात घ्यावे, की चाचणीच्या एका फेरीला पाच वापरकर्ते पुरतात. लोणारच्या बाबतीत ते पाच जण समितीबाहेरचे, शक्य तर सरोवर न पाहिलेले असावेत, त्यांच्या हाती मोबाइल देऊन ‘मेहकरहून कसे यावे, शोधा’ एवढेच सांगावे, आणि त्यांचे बोट कोठे अडते ते टिपून घ्यावे.