निशाणी नांगर
(अक्षर आणि अधिकार : लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण गावकुलकर्ण्याचं दप्तर उघडलं. आज पाळी सावकाराच्या चोपडीची.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कुणबी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. बघता बघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. जमावाला हवे होते कागद : वह्या, कर्जरोखे, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने दिले, की बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावत नसे. कागदांची मात्र होळी होई.

एवढा राग कागदावर का? अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला होता आणि फेरआकारणीत सारा वाढला होता, हे खरंच. पण गळफास बसला तो कायद्याच्या एका कलमाने. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानुसार साध्या रोख्यावरचा दावा ३ वर्षांत लावावा लागे. हेतू असा, की जुनी देणी उकरून कुणी कुळाला छळू नये. सावकाराने त्यातूनच वाट काढली. मुदत भरत आली की मुद्दल आणि व्याज एकत्र करून तो नवा रोखा लिहून घेई. समजा, १०० रुपये शेकडा २४ दराने घेतले. ३ वर्षांनी रोखा १७२चा, ६ वर्षांनी २९६चा आणि ९ वर्षांनी ५०९चा. मधल्या काळात कुळाच्या हाती नवा पैसाही पडलेला नसे.

रोखा लिहिणारा सावकाराचा, वाचून दाखवणाराही त्याचाच. खाली कुणब्याची निशाणी : नांगर.

सावकार हुशार होता, यात शंका नाही. पण कुणबी कुठे अडाणी होता? मातीचा कस, पावसाचा अदमास, बैलाची जात त्याला कळत होती. देण्याघेण्याचा हिशेबही तोंडपाठ असे. फरक इतकाच, की तोंडचा हिशेब कोर्टात उभा राहत नव्हता. दोन हुशाऱ्यांपैकी एकीलाच सरकारदरबारी किंमत आली आणि तिथे सावकाराच्या अक्कलहुशारीची सत्ता झाली.

१८७९च्या शेतकरी कायद्याने हे ओळखलं. रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहार मुळापासून तपासायची मुभा कोर्टाला मिळाली; दस्त गावच्या निबंधकासमोर करण्याची अट आली. म्हणजे लिहिणारा आणि लिहून देणारा यांच्यामध्ये तिसरा वाचणारा बसला. पण तोही सरकारचा.

तिसऱ्याची गरजच पडू नये, हा जोतीराव फुल्यांचा आग्रह. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी लावून धरली ती त्यासाठीच. ज्याला निशाणीच्या वरच्या ओळी वाचता येतात, त्याला रोखा जाळावा लागत नाही. तो सही करायचं नाकारू शकतो.

पुढील लेखांकात : कोल्हापूर, १९१८. कुलकर्णी वतन जातं आणि तलाठी येतो.