मार्चअखेर आणि मुलांचे मन

यवतमाळ शहराला लागून, दारव्ह्याच्या रस्त्यावर, लोहारा हे गाव आहे. कापसाची शेते, त्यांच्यालगत औद्योगिक वसाहत, तिच्यात डेनिमचे कापड तयार करणारा कारखाना आणि त्याच वसाहतीत अभियांत्रिकीचे महाविद्यालय, अशी तीन प्रकारची भवितव्ये येथल्या दहावी-बारावीच्या मुलाला शाळेत जाता-येताच दिसतात. आणि यांपैकी पहिले टाळावे, दुसरे नाइलाजाने पत्करावे व तिसरे काहीही करून गाठावे, असा एक अलिखित दंडक, कोणी मुद्दाम उच्चारला नाही तरी, त्याच्या मनावर लहानपणापासून बिंबलेला असतो. किशोरवयीन मुलांच्या मानसिक ताणाविषयी बोलताना आपण बहुधा परीक्षा, मोबाइल आणि मित्रांची संगत एवढ्यावरच थांबतो. कापसाच्या मुलुखात मात्र या ताणाचा उगम शोधू लागले, की परीक्षेच्या मागे घर दिसू लागते, आणि घराच्या मागे शेत.

विदर्भातील शाळा उन्हाच्या कडाक्यामुळे उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नेमकी त्याच सुमारास पेरणीची घाई असते, आणि बियाणे, खत, वह्यापुस्तके व शिकवणीची फी हा सारा खर्च एकाच खिशातून निघायचा असतो. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते, तेव्हा सुटीतल्या अभ्यासाचा बेत बाजूला ठेवून कमरेला ओटी बांधून आईबरोबर शेतात उतरणाऱ्या मुली या भागात थोड्याथोडक्या नाहीत. पुढे फेब्रुवारी-मार्चात मंडळाच्या परीक्षा येतात आणि मार्चअखेर पीककर्जाच्या परतफेडीचा तगादाही येतो. एकाच छपराखाली, एकाच महिन्यात, मुलाची आणि बापाची अशा दोन परीक्षा चाललेल्या असतात; आणि बाप आपल्या परीक्षेविषयी चकार शब्द काढत नसला, तरी कापसाला भाव काय लागला, बँकेतून कोण येऊन गेले आणि आईने कानातले कधी काढून ठेवले, याचा तपशील मुलाला तोंडपाठ असतो.

या मुलांनी आणखीही पुष्कळ पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कापसाची बोंडे आतून पोखरली. त्या वर्षी जी मुले पाटी-दप्तर घेऊन नुकती शाळेत जाऊ लागली होती, ती आज किशोरवयात आहेत. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत ज्या जिल्ह्याचे नाव वर्षानुवर्षे येते, तेथे बापाला घरी यायला उशीर झाला की मुलाच्या मनात जी शंका चमकून जाते, ती तो कोणापाशी बोलत नाही. आजवर न बोललेल्या या धास्तीची दखल घेतल्याशिवाय त्याला ‘मन लावून अभ्यास कर’ असा उपदेश करणे व्यर्थ होय.

ताण म्हणजे शरीराच्या दृष्टीने काय, याचा शास्त्रीय शोध गेल्या शतकात लागला. संकट समोर उभे राहताच प्राणी झुंजण्यासाठी किंवा पळण्यासाठी क्षणार्धात कसा सिद्ध होतो, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. आणि कारण कोणतेही असो, दीर्घकाळ टिकलेल्या पीडेला शरीर एका ठरावीक पद्धतीनेच प्रतिसाद देते व अखेरीस थकून जाते, हे हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. मेंदूने धोक्याची सूचना देताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात मिसळतात, हृदयाची गती वाढते, स्नायू ताठरतात आणि पचनाचे काम मंदावते. म्हणूनच परीक्षेच्या सकाळी पोटात कळ येते, पोह्यांची बशी तशीच राहते, तळहाताच्या घामाने उत्तरपत्रिकेचा कागद ओलसर होतो, आणि रात्री अडीचपर्यंत जागून पाठ केलेले सूत्र ऐन वेळी आठवत नाही. हे नाटक नव्हे, आळस तर नव्हेच. वाघापासून पळण्यासाठी निसर्गाने दिलेली शक्ती, पळायला जागा नसलेल्या बाकावर बसून त्या मुलाला सोसावी लागत असते.

किशोरवयात हे सोसणे अधिक कठीण असते, याचेही कारण मेंदूच्या घडणीत आहे. भय व क्रोध यांसारख्या तीव्र भावनांशी निगडित असलेली मेंदूतील केंद्रे या वयात अत्यंत जागरूक असतात, तर सारासार विचार करून त्या भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारापर्यंत परिपक्व होत राहतो. शिवाय, झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे मूल लवकर झोपत नाही आणि सकाळी लवकर उठत नाही, म्हणून रोज बोलणी खाते. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते. दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेतच चालते. तेव्हा झोप चोरून केलेला अभ्यास हा बव्हंशी वाया गेलेला अभ्यास होय.

याचा अर्थ ताण मुळीच नसावा, असा नाही. शेतकरी गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी हलके काम देतो, खांदा तयार होऊ देतो, दुपारी सोडतो, पाणी दाखवतो. माफक ताणाने मन एकाग्र होते, बेसुमार ताणाने ते खचते, आणि ही सीमारेषा प्रत्येक मुलाची वेगळी असते. जनावराच्या बाबतीत जे तारतम्य आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आलो, ते पोटच्या पोराच्या बाबतीत सुटते, ते निष्ठुरपणामुळे नव्हे, तर भीतीमुळे. “आमचं तं मातीत गेलं, तुह्यं तरी भलं होऊ दे,” या वाक्यात केवढी माया आहे! परंतु त्याच वाक्याने सबंध घराच्या उद्धाराची जबाबदारी सोळा वर्षांच्या जिवाकडे वर्ग होते, हे बोलणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. मुलाला काय होते म्हणून विचारले, तर “काही नाही, डोकं दुखून राह्यलं,” एवढेच उत्तर मिळते. आणि डोकेदुखीची गोळी देऊन तो मामला तेथेच मिटवला जातो. मुलीच्या वाट्याला तर याखेरीज घरकाम येते, धाकट्या भावंडांची देखभाल येते, आणि ‘नापास झालीस तर लग्न लावून देऊ’ ही धमकीही येते. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा भयाच्या छायेत तिने अभ्यास करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

मग उपाय कोणता? पहिला उपाय घरातच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. घरची परिस्थिती मुलापासून लपवू नये. ती त्याला ठाऊक असतेच. कर्ज किती आहे, ते कसे फेडण्याची तजवीज आहे आणि यात तुझे काम कोणते नाही, हे वडिलांनी शांतपणे सांगितले, तर अज्ञात भयाला निश्चित आकार येतो आणि निश्चित गोष्टीचे भय नेहमीच कमी असते. दुसरा उपाय विचारांच्या शिस्तीचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनातून परिचित झालेली विवेकनिष्ठ विचारपद्धती असे सांगते, की मनाला घटनेपेक्षा घटनेविषयीचा हट्ट अधिक छळतो. ‘मला चांगले गुण मिळावेत’ ही इच्छा उमेद देते. ‘मला ते मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी कवडीमोल’ हा हट्ट तीच उमेद मारतो. निकालानंतर पुरवणी परीक्षा असते, तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था असतात, वाटा अनेक असतात. त्यांचा तपशील परीक्षेच्या आधीच मुलापुढे मांडून ठेवावा. बाकीचे उपाय साधे आहेत: अभ्यासाचे लहान भाग पाडणे, रोज थोडा वेळ घाम येईपर्यंत खेळणे, निजताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे, छाती धडधडू लागल्यास सावकाश, दीर्घ श्वास सोडणे, आणि विश्वासाच्या एका तरी माणसाशी मोकळे बोलणे.

तथापि काही चिन्हे अशी असतात, की तेथे घरगुती इलाजावर विसंबू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली उदासी, मित्र व खेळ यांतून पूर्ण अंग काढून घेणे, जेवण-झोप सुटणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे उद्गार काढणे, यांपैकी काही दिसले तर मुलाला एकटे सोडू नये आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात का, हे त्याला मायेने पण सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने बोलण्याची वाट मोकळी होते. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे, आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दहा ते एकोणीस या वयोगटासाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांतून ‘मैत्री क्लिनिक’ चालतात. लोहाऱ्याच्या कुटुंबाला तर यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अगदी जवळ आहे. तापासाठी दवाखान्यात जाताना जशी लाज वाटत नाही, तशी मनासाठी जातानाही वाटू नये. आणि खचलेल्या बापानेही ही पायरी चढावी, कारण बापाचा जीव स्थिर झाला की मुलाचे अर्धे दुखणे हलके होते.

पीककर्जाच्या कागदावर मुलाची सही नसते. शेतमालाचा भाव तो ठरवत नाही, पाऊस त्याच्या हाती नसतो, आणि बोंडअळी त्याने आणलेली नसते. त्या सगळ्याचा हिशेब त्याच्या गुणपत्रिकेतून वसूल करण्याचा अधिकार आईबापांना नाही, शाळेला नाही आणि समाजालाही नाही. ज्यांच्या घरी यंदा दहावी-बारावीचे मूल आहे, त्यांनी एवढी गोष्ट त्याला स्पष्ट शब्दांत सांगावी, आणि निकालाची वाट न पाहता पहिल्या पेपरच्या आधीच सांगावी.