दुखऱ्या गुडघ्यांची सायकल

पायडल मारले की मोटर जोर लावते आणि पाय थांबले की तीही थांबते, ती पायडल-साहाय्य ई-सायकल. मोटर 250 वॉटच्या आत असेल आणि ताशी 25 किलोमीटरला मदत बंद होत असेल, तर भारतातील नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर तिची गल्लत मूठ पिळून पळणाऱ्या बॅटरीच्या स्कूटीशी सहज होते. गुडघ्याच्या दृष्टीने मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्कूटीवर गुडघा नुसता वाकून बसलेला असतो, ई-सायकलवर तो दर मिनिटाला पन्नास-साठ वेळा वाकतो आणि सरळ होतो.

ही हालचालच गुडघ्याचे पोषण आहे. सांध्यातील हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की तिच्यातील द्रव बाहेर जातो, दाब उतरला की सांध्यातील वंगणासारखा द्रव पोषक घटकांसह आत शिरतो. दुखते म्हणून माणूस बसून राहिला की हे येणे-जाणे मंदावते आणि मांडीचा पुढचा स्नायू आटत जातो. गुडघ्याला बसणारे धक्के हाच स्नायू झेलतो. तो दुबळा झाला की सांधा आणखी दुखतो. वऱ्हाडात निंदण, खुरपण, सारवण अशी कामे वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेल्या बायांचे गुडघे साठीच्या आतच कुरकुरू लागतात. त्यांना हमखास मिळणारा सल्ला चालण्याचा. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून ज्या शहरात व्यायामाचे धडे देत आले, त्या अमरावतीत व्यायामाचे महत्त्व कुणाला सांगावे लागत नाही. पण चालणे प्रत्येक गुडघ्याला झेपत नाही, हे खरे आहे.

याचा हिशेब बर्लिनच्या संशोधकांनी मांडला. गुडघा बदललेल्या रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच त्यांनी दाब मोजणारी यंत्रणा बसवली होती. सपाटीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. व्यायामाच्या सायकलवर 40 वॉटचा हलका जोर लावताना तो सव्वा पटीच्याही आत राहिला, कारण शरीराचे बरेचसे वजन सीट पेलते. जोर वाढवला की भारही वाढतो. मोटरची खरी गरज इथे आहे.

स्वार 75 किलोचा आणि सायकल 25 किलोची धरली, तर सपाट रस्त्यावर ताशी 12 किलोमीटरने जायला साधारण 40 वॉट लागतात. शंभर मीटरला चार मीटर चढणारा रस्ता आला की त्याच वेगाला सुमारे 170 वॉट हवेत. साध्या सायकलवर ही सगळी वाढ गुडघ्याच्या वाटीमागच्या दाबातून वसूल होते. ई-सायकलवर पाय आपले 40 वॉट देत राहतात, उरलेले मोटर देते. अकोला पूर्णेच्या खोऱ्यात, पयानघाटाच्या सपाटीवर आहे, तिथे चढ कमी. पण उन्हाळ्यातला समोरचा वारा चढासारखाच जोर मागतो. अमरावतीत पोहऱ्याच्या टेकड्यांकडे जाताना चढ प्रत्यक्षच भेटतो.

मोटर मदत करते मग व्यायाम कसला, ही शंका रास्त आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात बैठे काम करणाऱ्या 20 जणांनी महिनाभर, आठवड्यातून तीन दिवस, रोज 40 मिनिटे ई-सायकल चालवली. त्यांचा दम वाढला आणि साखर पचवण्याची क्षमताही सुधारली. गुडघेदुखी आणि मधुमेह एकाच घरात, अनेकदा एकाच माणसात असतात, म्हणून हा दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा.

सायकल घेताना किमतीआधी सेन्सर विचारावा. स्वस्त सायकलींत पायडल फिरते आहे एवढेच सेन्सरला कळते. अर्धा फेरा जड गेल्यावर मोटर एकदम ढकलते, आणि नेमका तोच पहिला जोर दुखऱ्या गुडघ्याला नको असतो. पायाचा दाब ओळखणारा सेन्सर पहिल्या ढकलीपासून मदत देतो. तो नसेल तर हलक्या गिअरवर निघावे. सीटची उंची तर फुकट मिळणारे औषध आहे. पाय जमिनीवर टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट खाली ठेवतात. मग गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला हवा. दांडी खाली असलेली, लेडीज सायकलसारखी चौकट पुरुषांनीही घ्यावी, कारण कॅरिअरवरून पाय टाकताना तोल जातो. वीस-पंचवीस किलोची सायकल ओट्यावर उचलून ठेवणे टाळावे.

बॅटरीची मर्यादाही ओळखावी. परतवाड्याहून चिखलदऱ्याला सुमारे 700 मीटर चढावे लागते. शंभर किलो वजन तेवढे वर न्यायलाच 190 वॉट-तास लागतात, शिवाय घर्षण आणि मोटरमधली घट वेगळी. लहान बॅटरी पायांनी फारसा हातभार न लावल्यास घाटातच दम सोडते. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. टिनाच्या शेडमध्ये तापलेली लिथियम-आयन बॅटरी लवकर म्हातारी होते. ती काढून घरात ठेवावी, निवल्यावरच चार्जिंगला लावावी. फेरी सकाळी आठच्या आत उरकावी.

गुडघा सुजलेला, गरम असेल किंवा मध्येच अडकत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. एरवी सुरुवात सपाटीवर दहा मिनिटांनी करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे नेहमीपेक्षा जास्त वाटले, तर पुढची फेरी लहान करावी किंवा मोटरची मदत एक पायरी वाढवावी. सायकलवर हाडांना पुरेसा भार मिळत नाही, त्यामुळे झेपेल तेवढे चालणेही चालू ठेवावे.