काटकपणा रक्तात उतरतो का?

मावळी माणूस काटक, कारण सह्याद्रीचा चढ त्याच्या रक्तात मुरलाय, ही समजूत वडगाव मावळला नवी नाही. हल्ली तिला शास्त्राचा आधार जोडला जातो: पूर्वजांचे दुष्काळ आणि कष्ट एपिजेनेटिक्समुळे जनुकांवर कोरले जातात, पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. हा दावा ताणलेला आहे. एपिजेनेटिक बदलात डीएनएची अक्षरं बदलत नाहीत. मिथाइलसारख्या रासायनिक खुणांमुळे कोणतं जनुक किती चालावं, एवढंच ठरतं. त्यातही बीजपेशी घडताना एकदा आणि गर्भधारणेनंतर लगेच पुन्हा एकदा, यातल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात.

मग उरतं काय? आईचं पोट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्याच सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांची मुलं अभ्यासली. बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5. पुण्याची बाळं स्नायूंनी रोड, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने शाबूत. यात जनुकांचाही वाटा असू शकतो, हे मान्य. पण ज्या आयांमध्ये गरोदरपणी बी12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक आढळलं. शरीरात मिथाइल तयार व्हायला ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात, म्हणून संशय एपिजेनेटिक्सवर जातो. पणजोबांच्या दुष्काळापेक्षा आईचं ताट इथे जास्त बोलतं.

यावर उंदरांचा दाखला दिला जातो, आणि तो वजनदार आहे. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांच्या 2015च्या शोधनिबंधात, 50 पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर खाऊ घालूनही बिघाड सुधारला नाही. पण तिथे उपासमार मधे खंड न पडता प्रत्येक पिढीने स्वतः सोसली होती. हॉलंडमध्ये 1944-45च्या उपासमारीत गर्भात असलेल्यांच्या जनुकांवर साठ वर्षांनीही वेगळ्या खुणा दिसल्या. तीही माणसं त्या झळीतून स्वतः गेलेली. उत्क्रांतीचा टिकाऊ ठसा हवा असेल, तर नंदुरबार-गडचिरोलीतला सिकलसेल पाहावा: हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं, आणि ज्याला ते एकाच पालकाकडून मिळालं त्याला मलेरियापासून संरक्षण, म्हणून निवडीत टिकलेलं. एपिजेनेटिक खूण एवढी पक्की नसते, आणि तिचा फायदाही तोच आहे. याज्ञिकांच्या गटाने 2012मध्ये याच अभ्यासातल्या किशोरवयीन मुलामुलींना बी12 द्यायला सुरुवात केली, त्यांची स्वतःची बाळं पोटात येण्याच्या कितीतरी आधी.