कच्छ आटेपर्यंत ऐरोलीची प्रतीक्षा

पुरेशा हिमवृष्टीअभावी फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गच्या हिवाळी क्रीडास्पर्धा तहकूब कराव्या लागल्या. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातील नौकाविहाराचे दैव मात्र नेमके उलट, कारण कच्छच्या रणातील पाणी आटू लागल्यावाचून रोहित पक्ष्यांचे मोठे थवे ठाणे खाडीकडे सहसा फिरकत नाहीत, आणि पाऊसकाळ लांबला की हंगामही लांबतो. थवे उतरले तरी अंमल भरतीचाच (तिच्यापुढे कोणाची अर्जी चालत नाही!): ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर हे पक्षी मान उलटी करून वाकड्या चोचीने शेवाळ गाळीत असतात खरे, परंतु तेवढ्या उथळ पाण्यात नाव चालत नाही. २०१५ साली अभयारण्य जाहीर झालेल्या व २०२२ साली रामसर यादीत दाखल झालेल्या या खाडीवर जाणाऱ्यांनी भरतीचे वेळापत्रक पाहूनच आगाऊ नोंदणी करावी.