तळे खणण्याआधी

शेतात तळे खणावे, कटला-रोहूचे बीज सोडावे आणि वर्षाअखेर मासळी काढावी, असा विचार ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आसपासच्या गावांतून पुष्कळांच्या मनात येतो. भातशेती पूर्वीसारखी परवडत नाही आणि मासळीला गिऱ्हाईक तर दाराशीच आहे. मग प्रश्न येतो, परवानगी कोणाची घ्यायची? श्रोतेहो, याचे उत्तर तुमचे पाणी गोडे आहे की खारे, यावर ठरते.

आधी गोड्या पाण्याचे पाहू. जमीन स्वतःची असेल आणि पाणी विहिरीचे किंवा पावसाचे असेल, तर काम तुलनेने सोपे. सातबारा, जागेचा नकाशा आणि झोन दाखला घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावे. झोन दाखला यासाठी, की शहरालगतच्या शेतावर विकास आराखड्यात एखादा रस्ता किंवा आरक्षण पडलेले असू शकते. उल्हास, काळू किंवा भातसा नदीतून पंपाने पाणी उचलायचे असेल, तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. खोदलेली माती बाहेर न्यायची किंवा विकायची असेल, तर तहसीलदारांकडे गौण खनिजाची परवानगी काढून स्वामित्वधन भरावे लागते. ट्रक रस्त्यावर अडवला गेल्यावर हे कळून उपयोग नाही.

कोणता मासा पाळणार, हेही अर्जात महत्त्वाचे. कटला, रोहू, मृगळ यांना अडचण नाही. 'मांगूर' नावाने मिळणाऱ्या आफ्रिकी मागूर माशाच्या पालनावर मात्र देशात २००० सालापासून बंदी आहे. तो तळ्यातून ओढ्यात निसटला, तर देशी मासे खाऊन टाकतो. तिलापिया पाळायचा, तर वेगळी परवानगी घ्यावी लागते.

आता खाऱ्या पाण्याकडे वळू. कल्याण-डोंबिवलीची माणसे स्वतःला किनाऱ्यावरची समजत नाहीत. पण भरती-ओहोटीचे पाणी उल्हासच्या खाडीने डोंबिवलीच्या मोठागावापर्यंत आणि पुढे कल्याणपर्यंत येते. कायद्याच्या लेखी समुद्राइतकीच खाडीही किनारा आहे. खाडीच्या भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या आत खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कोळंबी, जिताडा, खेकडे पाळायचे, तर २००५च्या केंद्रीय कायद्यानुसार तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी करावीच लागते. या प्राधिकरणाचे कार्यालय चेन्नईला आहे, पण अर्जाची छाननी जिल्हा पातळीवरील समिती करते. नोंदणी पाच वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावे लागते. २०२३च्या दुरुस्तीने या कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा गेली. दंड मात्र आहेच.

हा कायदा आला कशातून? नव्वदच्या दशकात तामिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबीची तळी भराभर झाली. खारे पाणी शेजारच्या भातशेतात आणि पिण्याच्या विहिरीत झिरपले. गावकरी न्यायालयात गेले आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तळ्यांवर कडक निर्बंध घातले. म्हणून आज अर्ज तपासताना शेजारची शेते, विहिरी आणि तळ्यातून सोडलेले पाणी जाणार कुठे, हे पाहिले जाते. अर्जदाराला ही कटकट वाटते. शेजाऱ्याच्या विहिरीचे ते संरक्षण असते.

आपल्याकडची खरी अडचण खाजणाची आहे. वाडवडिलांनी बांध घालून खाडीलगत खारभूमीत भात पिकवला. पुढे बांध फुटले, दुरुस्त झाले नाहीत, भरतीचे पाणी आत आले आणि त्याबरोबर तिवरे वाढली. सातबारावर नाव अजून घरचेच असते. पण मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांची तोड थांबवली. मालकी कोणाचीही असो, त्या जमिनीवर आणि तिच्याभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यात बांधकाम किंवा भराव करता येत नाही. तिथे पोकलेन लावणे म्हणजे गुन्हा ओढवून घेणे. ठाणे खाडीत तर २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वडिलोपार्जित जमीन असून ती पडीक ठेवावी लागते, हे दुःख खोटे नाही. तिवरे न तोडता खेकडेपालन, पिंजऱ्यातील मत्स्यपालन करता यावे, यासाठी राज्याने २०१७मध्ये खाडीकाठच्या गावांसाठी कांदळवन उपजीविका योजना सुरू केली. अशा जमीनमालकांनी कांदळवन कक्षाकडे चौकशी जरूर करावी.

एक गोष्ट परवानगीच्या कागदावर दिसत नाही, ती म्हणजे पाण्याची प्रत. अंबरनाथपासून डोंबिवलीपर्यंतच्या कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी अखेर उल्हास नदीत आणि खाडीत उतरते. खाडीचे पाणी आत घेण्याआधी ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. परवाना भिंतीवर आणि मासे मेलेले, अशी वेळ येऊ नये.

एप्रिल २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज आणि विजेच्या दरासाठी तो मोलाचा आहे. पण त्याने किनारपट्टीचे आणि तिवरांचे नियम सैल झालेले नाहीत. तसेच मंजुरीपूर्वी केलेल्या खर्चावर अनुदान मिळेल, असे धरून चालू नये.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी जागा आणि पाणी तपासा, मग मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, मंजुरी हातात येऊ द्या, आणि मग कुदळ मारा. कागदाला दोन महिने जास्त लागले तर एक हंगाम जातो. चुकीच्या जागी खणलेले तळे मात्र जमीन आणि कर्ज, दोन्ही घेऊन बुडते.