थप्पीत अडकलेला पैसा (लेखांक ९)

आज बांबूच्या कर्जाबद्दल लिहीन म्हटलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण दीपनगरच्या वीजकेंद्राजवळच्या एका गावातून बचतगटाच्या ताईंचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववेना. त्यांचा गट राखेच्या विटा पाडतो. ताई लिहितात, ‘मशीनचं कर्ज मिळालं, सबसिडी मंजूर झाली, विटेला मागणीही आहे. तरी दर शनिवारी मजुरी द्यायला आमच्यातल्या कुणाला तरी दागिना गहाण टाकावा लागतो. समोरच्या लाल विटेच्या भट्टीवाल्याला असं करावं लागत नाही. आमचं कुठं चुकतं?’

ताई, विटा पाडण्यात तुमचं काहीच चुकत नाही. पैसा अडकतोय तो थप्पीत.

लाल विटेला ताकद येते आगीतून. राखेच्या विटेला ती येते पाण्यातून आणि दिवसांतून. खापरखेड्याच्या बाजूला एका आवारात मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं. ओळीनं थप्प्या, त्यांवर ओलं गोणपाट आणि प्रत्येक थप्पीवर खडूनं लिहिलेली तारीख. तिथल्या बाईंनी तिसऱ्या दिवसाच्या दोन विटा एकमेकींवर वाजवून दाखवल्या. आवाज बद्द. मग एकविसाव्या दिवसाच्या दोन घेतल्या. खणखणीत! ‘ही विकायची,’ त्या म्हणाल्या.

आता हिशोब मांडू. दिवसाला ४ हजार विटा आणि विटेमागे ५ रुपये खर्च धरा. २१ दिवसांत ८४ हजार विटा गोणपाटाखाली जातात, म्हणजे ४ लाख २० हजार रुपये. सिमेंटचे, राखेच्या ट्रकच्या भाड्याचे आणि मजुरीचे पैसे तोवर रोख देऊन झालेले असतात. पुढे गिऱ्हाईक घरकुलवालं. त्याला घरासाठी सरकारी अनुदान मिळतं, तेही हप्त्याहप्त्यानं. जोत्याचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि हप्ता आल्याशिवाय तुमचे पैसे नाहीत. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत असा २००६ चा कायदा आहे, पण घर बांधणाऱ्या शेजाऱ्यावर कोण दावा लावणार? महिनाभराची उधारी धरली तर अडकलेली रक्कम दहा लाखांच्या वर जाते.

मग समोरच्या भट्टीवाल्याला हे कसं जमतं? त्याचाही पैसा अडकतोच. पण पुष्कळ भट्ट्यांवर रीत अशी आहे की मजुराला हंगामाआधी उचल द्यायची, हंगामात आठवड्याला पोटापुरती खर्ची द्यायची आणि बाकीचा हिशोब भट्टी उठताना करायचा. म्हणजे सहा-सात महिने मजुराची कमावलेली मजुरी मालकाच्या धंद्यात फिरत असते. ठाणे-रायगडच्या कातकरी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या या उचलीत अडकल्या. भट्टीचं खेळतं भांडवल तिच्यावर राबणाऱ्या माणसांच्या घामातून निघतं. तुमचा गट दर शनिवारी पूर्ण मजुरी देतो, म्हणून तुम्हाला ते बँकेकडून आणावं लागतं. मला विचाराल तर राखेच्या विटेचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे, आणि कर्ज देताना नेमका तोच कुणी मोजत नाही.

आता उपाय. तुम्ही सोबत पाठवलेला प्रकल्प अहवाल मी वाचला. मशीनची किंमत चोख आहे, पण खेळतं भांडवल फक्त पंधरा दिवसांचं धरलंय. तो अहवाल कुठल्या तरी नमुन्यावरून उतरवलेला दिसतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्पखर्चात खेळत्या भांडवलाची एक फेरी धरता येते. तुमची फेरी कच्चा माल येण्यापासून उधारी वसूल होईपर्यंतची आहे. ती अहवालात दिवसांनिशी लिहायला हवी होती.

ती संधी गेली तरी दुसरी वाट आहे. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या नायक समितीनं १९९२ मध्ये एक साधं सूत्र दिलं. लघुउद्योगाच्या अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के रक्कम बँकेनं खेळतं भांडवल म्हणून द्यावी आणि ५ टक्के उद्योजकानं घालावेत. वर्षाला १० लाख विटा ६ रुपयांनी विकल्या तर उलाढाल ६० लाखांची होते आणि बँकेचा वाटा १२ लाखांचा. तुम्हाला सीसी (कॅश क्रेडिट) मिळालीय २ लाखांची! ती वाढवून मागा, अर्जात हे सूत्र नावानिशी लिहा आणि मागणीच्या पुष्टीला घरकुलांच्या ऑर्डरी जोडा.

आणखी एक. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तुम्ही फक्त सुकलेल्या विटा दाखवताय. गोणपाटाखालच्या विटा ‘अर्धतयार माल’ म्हणून तारीखवार लिहा, आणि मॅनेजरसाहेब पाहणीला आले की त्यांना आधी त्याच थप्प्यांकडे न्या. तिसऱ्या दिवसाची वीट वाजवून दाखवा, मग एकविसाव्या दिवसाची.

बांबू पुढच्या आठवड्यात.